अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी क्रेडिट हिस्टरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीला, शिकायला किंवा जोडीदाराबरोबर अमेरिकेत आलेल्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रेडिट हिस्टरी म्हणजे घेतलेली उधारी तुम्ही कशी फेडली याची नोंद; ती ज्यात लिहिलेली असते तो रिपोर्ट, आणि तिच्यावरून काढलेला आकडा म्हणजे स्कोअर. सुरुवातीचे प्रश्न पहिल्या महिन्याचे आहेत, पुढचे अडचणीचे. सगळी उत्तरं अमेरिकेपुरती आहेत; दुसऱ्या देशात असाल तर प्रश्न १८ पाहा.

१. माझा सिबिल स्कोअर ८०० च्या वर आहे. तो इथे चालत नाही का?

चालत नाही. सिबिल ट्रान्सयुनियनच्या मालकीची आहे आणि अमेरिकेत अशा नोंदी ठेवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी (यांना ब्युरो म्हणतात) एकीचं नावही ट्रान्सयुनियनच, म्हणून पुष्कळांना वाटतं की आपली माहिती आपोआप इकडे येईल. ती येत नाही. दोन देशांचे कायदे वेगळे, नोंदी वेगळ्या.

एक वाट मात्र जरूर तपासून पाहा. अमेरिकन एक्स्प्रेस ही कंपनी नोव्हा क्रेडिट या मध्यस्थामार्फत, तुमच्या संमतीने, भारतातला रिपोर्ट पाहून कार्डाचा अर्ज मंजूर करू शकते. भारतात त्यांचंच कार्ड वापरत असाल तर त्यांच्या ग्लोबल ट्रान्सफर सोयीबद्दलही विचारा. यातून कार्ड मिळतं, जुना स्कोअर येत नाही. इथली नोंद पहिल्या दिवसापासूनच सुरू होते.

२. आयुष्यात एक रुपया कर्ज घेतलं नाही. मग माझा स्कोअर उत्तम असायला नको का?

घरात शिकवलेलं सोडू नका, पण इथली पद्धत समजून घ्या. ज्याने कधी कर्ज घेतलं नाही त्याचा स्कोअर वाईट नसतो. त्याला स्कोअरच नसतो. घेतलेले पैसे हा माणूस ठरल्या तारखेला परत करतो का, हे बँकेला पाहायचं असतं आणि कोऱ्या फाइलमधून ते कळत नाही. याचा त्रास कर्ज मागायच्या आधीच सुरू होतो. घरमालक रिपोर्ट पाहतो, मोबाइल कंपनी पोस्टपेडसाठी पाहते. कॅलिफोर्निया, हवाई, मॅसॅच्युसेट्स अशी थोडी राज्यं सोडली तर गाडीच्या विम्याचा हप्ताही क्रेडिट बघून कमीजास्त होऊ शकतो.

चांगली गोष्ट ही की हिस्टरी तयार करायला एक सेंटही व्याज द्यावं लागत नाही. आठवड्याची भाजी कार्डावर घ्यायची आणि बिल पूर्ण भरायचं, एवढ्यावर नोंद होते. अंथरूण पाहून पाय पसरायची सवय असलेल्यांना हे मुळीच जड जात नाही.

३. स्कोअर कोण काढतं? कशावरून?

इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या तुमच्या नोंदी ठेवतात. त्या नोंदींवरून स्कोअर काढायची सूत्रं वेगळ्या कंपन्यांची असतात. सर्वात जास्त वापरात आहे तो फायको, ३०० ते ८५० मधला. त्यात वेळेवर भरणा केल्याला ३५ टक्के वजन आहे, वापरलेल्या रकमेला ३०, हिस्टरीच्या वयाला १५, नव्या अर्जांना १० आणि कर्जांच्या प्रकारांना १०. ६७० पासून चांगला आणि ७४० पासून खूप चांगला मानतात.

पगार, बँकेतली शिल्लक, व्हिसाचा प्रकार आणि राष्ट्रीयत्व यांना स्कोअरमध्ये जागा नाही. कर्ज देणारा पगार वेगळा विचारतो, ती निराळी गोष्ट.

४. आल्या आल्या पहिल्या महिन्यात काय करायचं?

सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे एसएसएन, मिळण्यास पात्र असाल तर आल्यावर साधारण दहा दिवस थांबून सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात अर्ज करा. तोवर तुमच्या प्रवेशाची नोंद त्यांच्या संगणकावर पोहोचते. अर्जाला फी नाही. मग बँकेत चेकिंग खातं (रोजच्या व्यवहाराचं खातं) उघडा. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. नंतर पहिलं कार्ड. घाई करायची ती एवढ्याचसाठी की हिस्टरीचं वय पुढे कशानेच विकत घेता येत नाही. आणि प्रत्येक फॉर्मवर नाव एकाच पद्धतीने लिहा. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

५. मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे, कॅम्पसवर काम नाही, म्हणून एसएसएन मिळत नाही. मग?

काम नसलेल्या विद्यार्थ्याला आणि काम करायची परवानगी नसलेल्या, एच-४ व्हिसावरच्या (नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळतो तो) जोडीदाराला एसएसएन मिळत नाही. करासाठी गरज असेल तर डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटिन हा करदात्याचा नंबर मिळवता येतो. हा नऊ आकडी नंबर ९ ने सुरू होतो. काही बँका आणि कार्ड कंपन्या आयटिनवर अर्ज घेतात. शाखेत जाऊन विचारा, कारण वेबसाइटवरचा फॉर्म पुष्कळदा फक्त एसएसएनच मागतो. कॅम्पसवर ग्रेडरचं किंवा लायब्ररीतलं छोटं काम मिळालं तरी एसएसएनचा मार्ग मोकळा होतो, म्हणून ते टाळू नका.

६. सगळीकडे अर्ज नाकारतात. सिक्युअर्ड कार्ड घेणं कमीपणाचं आहे का?

अजिबात नाही. नवख्या माणसासाठी मला तोच सर्वात सरळ मार्ग वाटतो. हे कार्ड डिपॉझिट ठेवून मिळतं. समजा २०० डॉलर ठेवले, तर सहसा तेवढंच लिमिट मिळतं. रिपोर्टमध्ये हे खातं नेहमीच्या कार्डासारखंच मोजलं जातं. काही महिने नीट वापरलं की पुष्कळ बँका डिपॉझिट परत करून साधं कार्ड करून देतात. घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: वार्षिक फी आहे का, आणि तिन्ही ब्युरोंना नोंद जाते का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर ते कार्ड घेऊ नका. विद्यार्थी असाल तर आधी स्टुडंट कार्डाचा प्रयत्न करा. त्यातली काही हिस्टरी नसतानाही मिळतात.

७. कार्ड मिळालं. आता ते वापरायचं कसं?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

दर महिन्याला दोन तारखा असतात. स्टेटमेंटच्या तारखेला महिन्याचा हिशेब बंद होऊन बिल निघतं. ड्यू डेट ही पैसे भरायची शेवटची तारीख. बिल तुमच्याकडे तिच्या किमान २१ दिवस आधी पाठवावं लागतं. ड्यू डेटपर्यंत स्टेटमेंटवरची पूर्ण रक्कम भरली तर खरेदीवर व्याज लागत नाही. फक्त मिनिमम भरलं तर रिपोर्टमध्ये भरणा वेळेवरच दिसतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढू लागतं आणि इथे कार्डाचं व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या पुढे सहज जातं. म्हणून पहिल्याच दिवशी ऑटोपे लावा. तो लावताना ‘मिनिमम’ आणि ‘स्टेटमेंट बॅलन्स’ असे पर्याय येतात, दुसराच निवडा. ज्या खात्यातून पैसे जाणार त्यात तेवढी शिल्लक ठेवा, कारण परत आलेला भरणा म्हणजे न केलेला भरणा.

आता लिमिट. बँक बहुतेक वेळा स्टेटमेंटच्या दिवशीची रक्कम ब्युरोला कळवते. तुमचं लिमिट ५०० डॉलर आहे आणि महिन्याचं वाणसामान, पेट्रोल, फोन मिळून ४०० डॉलर झाले, तर बिल पूर्ण भरूनही रिपोर्टमध्ये ८० टक्के वापर दिसतो आणि स्कोअर घसरतो. उपाय सोपा आहे: स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधीच ३५०-४०० डॉलर भरून टाका. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा, १० च्या आत असेल तर आणखी चांगलं. घसरलेला आकडा पुढच्या महिन्याच्या कमी वापराने बहुधा वर येतो, म्हणून एखाद्या महिन्यात भारताचं विमान तिकीट काढलं तर जिवाला घोर लावून घेऊ नका.

८. रूममेट म्हणतो, दर महिन्याला थोडी बाकी ठेवली तर स्कोअर लवकर वाढतो. खरं का?

खोटं आहे, आणि या एका गैरसमजापायी मुलं वर्षानुवर्षं व्याज भरत राहतात. ब्युरोला तुम्ही किती व्याज भरलंत हे कळतच नाही. स्टेटमेंटवर थोडी रक्कम दिसली आणि ती ड्यू डेटच्या आत पूर्ण भरली, की काम झालं.

९. स्कोअर दिसायला किती दिवस लागतात?

फायकोसाठी किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं, आणि गेल्या सहा महिन्यांत ब्युरोकडे निदान एका खात्याची नोंद आलेली असावी लागते. व्हँटेजस्कोअर या दुसऱ्या सूत्राचा आकडा त्याआधीच दिसू शकतो. म्हणून एका ॲपमध्ये ७१० आणि दुसऱ्यात ‘स्कोअर नाही’ असं आलं तर घाबरू नका. कुठलं सूत्र, कुठला ब्युरो ते तिथेच खाली लिहिलेलं असतं.

१०. मी भाडं, वीजबिल, फोन सगळं वेळेवर भरतो. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ताही चालू आहे. याचं काहीच श्रेय नाही?

पुण्यातल्या हप्त्याचं इथे नाही. तो भारतातल्या रिपोर्टमध्ये जातो. डेबिट कार्डाचंही नाही, कारण त्यात उधारी नसते. भाडं आणि बिलं आपोआप नोंदली जात नाहीत, पण एक्स्पेरियन बूस्ट या मोफत सोयीत फोन, वीज वगैरेंचे भरणे एक्स्पेरियनच्या फाइलला जोडता येतात, आणि काही घरमालक भाड्याची नोंद ब्युरोला देतात. फी घेऊन भाडं नोंदवणाऱ्या सेवांवर पैसे घालवण्यापेक्षा एक कार्ड नीट चालवा. मात्र थकलेलं बिल वसुली कंपनीकडे गेलं की तीच नोंद रिपोर्टमध्ये हटकून येऊ शकते. घर बदलताना इंटरनेटचं शेवटचं बिल राहून जातं, ते जपा.

११. माझी बायको एच-४ वर आहे, कमावत नाही. तिची हिस्टरी कशी तयार करायची?

हा प्रश्न वेळेत विचारणारे थोडे, म्हणून बरं वाटलं. घरातली सगळी खाती एकाच्या नावावर असली तर दुसऱ्याची फाइल वर्षानुवर्षं कोरी राहते, आणि वर्क परमिट आल्यावर किंवा काही कारणाने एकटीवर जबाबदारी आली की ते फार महागात पडतं.

पहिला मार्ग: तिला तुमच्या कार्डावर ऑथोराइज्ड युजर करा, म्हणजे तुमच्या खात्यावर तिच्याही नावाचं कार्ड घ्या. बऱ्याच बँका ते खातं तिच्याही रिपोर्टमध्ये कळवतात, आणि त्यासाठी तिची हार्ड इन्क्वायरी (नव्या अर्जामुळे रिपोर्टमध्ये पडणारी चौकशीची नोंद) होत नाही. एसएसएनशिवाय जोडतात का आणि ब्युरोला कळवतात का, हे आधी विचारा. बिलाची जबाबदारी मात्र तुमचीच, आणि तुम्ही चुकलात तर डाग तिच्याही फाइलवर दिसू शकतो.

दुसरा मार्ग: तिचं स्वतःचं कार्ड. अर्जदाराचं वय २१ किंवा जास्त असेल तर जोडीदाराचं जे उत्पन्न तिच्या हाती येतं ते अर्जात दाखवता येतं; २०१३ पासून नियमच तसा आहे. एसएसएनऐवजी आयटिन चालेल का ते प्रश्न ५ प्रमाणे पाहा. मी दोन्ही मार्ग सुचवतो, कारण स्वतःच्या नावाच्या खात्याला पुढे जास्त किंमत असते.

१२. हिस्टरी नाही म्हणून अपार्टमेंट मिळत नाही. काय दाखवू?

ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि जास्तीचं डिपॉझिट द्यायची तयारी. मोठ्या कंपनीच्या संकुलापेक्षा स्वतः भाड्याने देणारा मालक लवकर ऐकतो. पैसे पाठवायच्या आधी घर डोळ्यांनी पाहा किंवा ओळखीच्या माणसाला पाहायला सांगा.

१३. गाडी घ्यायची आहे. चार ठिकाणी दर विचारले तर चार वेळा स्कोअर पडेल का?

गाडीच्या कर्जासाठी थोड्या दिवसांत केलेल्या चौकश्या फायको एकच धरतो. सूत्राच्या आवृत्तीप्रमाणे ही मुदत १४ ते ४५ दिवसांची असते, म्हणून दोन आठवड्यांत सगळं उरका. क्रेडिट कार्डाच्या अर्जांना ही सवलत नाही. तिथे प्रत्येक अर्ज वेगळा मोजतात, नोंद दोन वर्षं राहते आणि स्कोअरवरचा परिणाम वर्षभर.

डीलरकडे जाण्यापूर्वी क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेकडून) प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाची आगाऊ मंजुरी, घ्या, त्यामुळे डीलरचा दर कशाशी ताडून पाहायचा ते कळतं. काही बँका कर्जाची मुदत तुमच्या व्हिसाच्या मुदतीपुरतीच ठेवतात. कर्ज देताना इमिग्रेशन स्थिती विचारात घ्यायला कायद्याने त्यांना मुभा आहे, त्यामुळे वाद घालण्यापेक्षा दुसरी बँक गाठा.

१४. रिपोर्टमध्ये माझं नाव तीन प्रकारे दिसतं, आणि एक खातं तर माझं नाहीच!

आपल्या लोकांच्या बाबतीत हे फार होतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या. इथला कारकून कधी वडिलांचं नाव मधलं नाव धरतो, कधी पहिल्या नावालाच जोडून टाकतो, कधी गाळतो. लग्न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, मधे नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि तुमचं नाव आडनाव बनतं. असा पासपोर्ट असेल तर निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या.

ब्युरो नाव, जन्मतारीख, एसएसएन आणि पत्ता जुळवून फाइल बांधतात. एकाच संकुलात दोन ‘एस. पाटील’ राहत असतील तर एकाचं खातं दुसऱ्याच्या फाइलमध्ये शिरू शकतं. एसएसएन कार्डावर जसं नाव आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे द्या. घर बदललं की प्रत्येक बँकेत पत्ता बदला. आधी आयटिनवर खाती उघडली आणि नंतर एसएसएन मिळाला, तर प्रत्येक बँकेला नवा नंबर कळवा, आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) आयटिन रद्द करायला लिहा, आणि जुनी नोंद नव्या नंबराला जोडली नसेल तर तिन्ही ब्युरोंना कागदपत्रांसह कळवा. परक्या खात्याची तक्रार कशी करायची ते प्रश्न १५ मध्ये.

१५. रिपोर्ट कुठे पाहायचा? चूक असेल तर?

ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम या एकाच अधिकृत ठिकाणी तिन्ही रिपोर्ट दर आठवड्याला मोफत मिळतात. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. चूक दिसली तर त्या त्या ब्युरोकडे डिस्प्यूट (तक्रार) नोंदवा, पुरावे जोडा. साधारण ३० दिवसांत त्यांना तपास करावा लागतो. एका ब्युरोने दुरुस्ती केली म्हणजे तिघांनी केली असं नाही.

नवं कर्ज किंवा कार्ड घ्यायचं नसेल तेव्हा तिन्ही ठिकाणी क्रेडिट फ्रीज करून ठेवा, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्या कोणाला नवं खातं उघडणं कठीण होतं. २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१८ पासून फ्रीज करणं देशभर मोफत आहे. फ्रीज काढायला काही मिनिटं लागतात.

१६. भारतात गेलो होतो, एक बिल भरायचं राहिलं. सगळं संपलं का?

ड्यू डेटनंतर ३० दिवस झाले नसतील तर लेट फी आणि व्याज लागेल, पण ब्युरोकडे उशिराची नोंद सहसा जात नाही. आत्ता, हे वाचता वाचता भरा. मग फोन करून फी माफ करायची विनंती करा. पहिल्या वेळी बऱ्याचदा करतात. ३० दिवस उलटले असतील तर नोंद सात वर्षं राहते, मात्र तिचा जोर वर्षागणिक कमी होतो.

१७. एच-१बी वर घर घेता येतं का?

घेता येतं. बँक बहुतेक वेळा तिन्ही ब्युरोंचे स्कोअर काढून मधला धरते, म्हणून तिन्ही फाइली स्वच्छ हव्यात. जुन्या सल्ल्यात एफएचए कर्जाचं (सरकारी विम्याचं पाठबळ असलेल्या गृहकर्जाचं) नाव येतं, त्यात साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर काम भागायचं. ग्रीन कार्ड नसलेल्यांसाठी २५ मे २०२५ पासून ते बंद झालं आहे. कन्व्हेन्शनल, म्हणजे असा सरकारी विमा नसलेलं, कर्ज मात्र वैध व्हिसावर मिळू शकतं. अर्जाच्या आधीचे सहा महिने नवं कार्ड, नवी गाडी टाळा.

१८. मी ब्रिटनमध्ये किंवा कॅनडात असेन तर?

तिथेही भारताचा स्कोअर चालत नाही. ब्रिटनमध्ये एक गोष्ट लगेच करा: मतदार यादीत नाव नोंदवा. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्याने वैध वास्तव्य असेल तर त्यांना तो हक्क आहे, आणि यादीतल्या नावामुळे तुमची ओळख व पत्ता ब्युरोंना पडताळता येतो. कॅनडात इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन हे दोन ब्युरो आहेत, स्कोअर ३०० ते ९००. पण अमेरिकेतली फाइल तिकडे आपोआप जात नाही, ब्युरोचं नाव तेच असलं तरी.

१९. मित्राच्या कर्जावर को-साइन करू का, म्हणजे त्याच्याबरोबर जबाबदारीची सही करू का? गावचाच आहे.

त्याने एकही हप्ता भरला नाही तर पूर्ण कर्ज स्वतः फेडायची तयारी आणि ऐपत असेल, तरच. ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये तुमचंच म्हणून दिसतं. मदत करायची असेल तर झेपेल तेवढी रक्कम हातावर ठेवा. मैत्रीही टिकते, फाइलही.

२०. एक कंपनी पैसे घेऊन ‘नवा क्रेडिट नंबर’ देते म्हणते. घेऊ?

नको. एसएसएनऐवजी सीपीएन नावाचा नऊ आकडी नंबर वापरायला सांगतात. तो अर्जात लिहिणं म्हणजे बँकेला खोटी माहिती देणं. व्हिसावर असलेल्या माणसाला त्याची किंमत फक्त पैशांत मोजावी लागणार नाही. काम करण्याआधीच फी घेणं क्रेडिट दुरुस्तीवाल्यांना कायद्याने मना आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक भामटे ओळखू येतात.

२१. नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर परत जावं लागेल. कार्डांचं आणि कर्जाचं काय करू?

पहिल्याच आठवड्यात बँकांना फोन करा. अडचणीतल्या ग्राहकांसाठी हप्ता किंवा व्याज कमी करायच्या योजना असतात, पण हप्ता चुकण्याआधी विचारलं तर बोलणं सोपं जातं. निदान मिनिमम भरत राहा. देश सोडल्याने कर्ज मिटत नाही. थकलेलं खातं वसुलीला जातं आणि नोंद सात वर्षं राहते. पुढे एल-१ वर (कंपनीने बदली करून पाठवलेल्यांचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर परत आलात तर तीच फाइल उघडते, कारण एसएसएन आयुष्यभर तोच असतो.

भारतातलं शैक्षणिक कर्ज चालू असेल तर तिथल्या हप्त्याला आधी पैसे बाजूला काढा, असं मी आग्रहाने सांगेन. त्यावर बहुधा वडील किंवा आई सहकर्जदार असतात, आणि थकबाकी त्यांच्याही सिबिलमध्ये दिसते.

कर्ज नसेल तर जाताना सगळी कार्डं घाईने बंद करू नका. फी नसलेलं सर्वात जुनं कार्ड चालू ठेवा आणि अधूनमधून वापरा. नीट बंद केलेलं खातंही दहा वर्षांपर्यंत रिपोर्टमध्ये राहू शकतं. परदेशातला पत्ता चालतो का ते बँकेला विचारा, आणि तुमचा अमेरिकन मोबाइल नंबर एखाद्या स्वस्त योजनेत जिवंत ठेवा. बँकेचा कोड त्याच नंबरावर येतो, आणि तो नंबर गेल्यावर नाशिकहून खात्यात शिरणं फार कठीण होऊन बसतं.